ओला फोक

होटगी स्टेशनात दोन मापांचे रूळ होते तेव्हाची गोष्ट. एका बाजूला मुंबई-मद्रासची मोठी लाइन, दुसऱ्या बाजूला गदगकडे जाणारी मीटरगेजची छोटी गाडी. शाळा सुटली की दप्तरं चिंचेच्या बुंध्याशी टाकायची आणि छोट्या गाडीची शिट्टी ऐकू येईपर्यंत सूरपारंब्या खेळायच्या. पडणं रोजचंच. गुडघा फुटला तर माती लावायची, अंगठा ठेचला तर त्यावर लघवी करायची. घरी मात्र सांगायचं नाही, कारण पडल्याचा मार वेगळा बसायचा.

१९७२ चा दुष्काळ होता. आमची आईबापं खडी फोडायला दुष्काळी कामावर. गावात म्हाताऱ्या आणि पोरं एवढीच उरलेली. माझा जोडीदार, तिसरीतला, चिंचेच्या फांदीवरून सटकला आणि उजवा तळहात जमिनीवर टेकून पडला. उठला तेव्हा कोपराच्या वर हाताचा आकारच बदललेला. तो ओरडला नाही. डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरून नुसता उभा राहिला, ओठ पांढरे पडलेले. आम्ही पोरंच घाबरून ओरडलो, निम्मी मराठीत, निम्मी कानडीत: "कै मुरितु! हात मोडला!"

मग गाव धावलं. ती धाव मला अजून दिसते, कारण तशी धाव आता क्वचित बघायला मिळते. एकीनं साखरपाणी पाजलं, दुसरीनं गोडं तेल गरम करून आणलं. एका आजोबांनी "निखळलाय, बसवतो" म्हणत हात धरून ओढला. तेव्हा कुठे तो ओरडला. तेल लावून चोळणं झालं आणि आजीनं त्याला शेजारगावच्या हाडवैद्याकडे नेलं.

त्या वैद्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळत नाही. नारळाशिवाय तो काही घ्यायचा नाही. त्यानं बांधलेले कितीतरी हात सरळ जुळलेले मी पाहिलेत. लहान मुलाचं हाड जुळायला उत्सुकच असतं, हे त्याच्या पथ्यावर पडायचं. त्यानं अंड्याच्या पांढऱ्यात कापड भिजवलं, बांबूच्या कामट्या चारी बाजूंनी लावल्या आणि दोरीनं आवळून बांधलं. अंडं वाळलं की ती पट्टी फळीसारखी कडक व्हायची. "जेवढी घट्ट तेवढी चांगली," असं सगळेच म्हणायचे.

रात्री जोडीदार कळवळत राहिला. बोटं सुजली, सकाळी निळसर झाली, दुपारी पांढरी आणि गार. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आता दुखत नाही, बोटं कुठं आहेत तेच कळत नाही." आजीनं देवापुढे दिवा लावला. पोराला उतार पडला असं तिला वाटलं.

पट्टी तीन आठवड्यांनी सुटली. हाड जुळलं होतं. बोटं मात्र पंजासारखी आत वळलेली. आजही त्याचा तो हात मी समोर बसून बघतो: मनगट आत वाकवलं की बोटं उघडतात, मनगट सरळ केलं की आपोआप मिटतात. चहाचा कप तो याच युक्तीनं धरतो. तेव्हा पट्टी सुटल्यावर वर्षभर तो डाव्या हातानं पाटी गिरवायला शिकत होता.

मी मास्तर झालो. प्रथमोपचाराच्या एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी फळ्यावर कोपर काढलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पाच ते सात-आठ वर्षांच्या मुलांत कोपराच्या लगेच वरचं हाड मोडणं अगदी नेहमीचं. हाताला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी तिथूनच पुढे जाते. आधीच सूज, त्यात आवळलेली पट्टी. रक्त पोचत नाही, आणि काही तासांत कोपरापुढच्या हाताचे स्नायू कायमचे मरतात. या आखडलेल्या पंजाचं वर्णन फोल्कमान नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८८१ सालीच करून ठेवलंय. म्हणजे आमची चिंच आणि ते ज्ञान यांच्यात नव्वद वर्षं उलटून गेली होती. सोलापूरचं वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयही १९६३ साली सुरू झालेलं. सिव्हिल हॉस्पिटल आमच्यापासून पंधरा-एक किलोमीटरवर. एवढंसं अंतर त्या ज्ञानाला तोडता आलं नाही, याचं दुःख मला हाडवैद्याच्या पट्टीपेक्षा जास्त आहे.

त्याच १९६३ साली कॅनडातल्या सॉल्टर आणि हॅरिस या दोघा डॉक्टरांनी मुलांच्या हाडातल्या वाढीच्या थराला होणाऱ्या दुखापतींचे पाच प्रकार मांडले. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक कोवळा थर असतो, हाड तिथूनच लांब होतं. वाढत्या वयात सांध्याचे बंध या थरापेक्षा मजबूत असतात. म्हणून मोठ्या माणसाचा पाय जिथं मुरगळतो, तिथं सातवीतल्या मुलाचा तो थरच सरकलेला असू शकतो. "काही नाही, लचकलंय" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं, शंभर वेळा स्वतः म्हटलं. तो थर दुखावला आणि लक्ष गेलं नाही, तर पाय पुढे वाकडा किंवा आखूड वाढू शकतो. एक्स-रेतसुद्धा कधी कधी काही दिसत नाही. तरी हाडावर बोट ठेवल्यावर नेमकं तिथंच दुखत असेल किंवा मूल चार पावलं टाकू शकत नसेल, तर मुरगळलंय म्हणून सोडून द्यायचं नाही.

मुलांना मी हे समजवायचो ते काटकी आणि फोक घेऊन. वाळकी काटकी कडकन मोडते. निरगुडीचा ओला फोक वाकतो, एका बाजूनं तडकतो, दुसऱ्या बाजूनं सालीला धरून राहतो. तुमची हाडं अशी ओली आहेत. म्हणून मोडल्याचा आवाज येत नाही, बोटं हलतात, आणि "हलतंय म्हणजे मोडलेलं नाही" असं म्हणणारी मोठी माणसं चुकतात.

बालवाडीतल्या पोरांची तऱ्हा आणखी वेगळी. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत गर्दीतून एका हाताला धरून उचललेलं लेकरू घरी आल्यावर तो हात वापरतच नाही, नुसता लोंबता ठेवतं. पडलेलं नसतं, सूजही नसते. कोपरात हाड थोडं सरकलेलं असतं, डॉक्टर क्षणात बसवतात. आणि ताप आहे, पाय टेकवत नाही, घरचे म्हणतात "परवा पडला होता", तर मला तिथं पडण्यापेक्षा तापाची भीती जास्त. हाडात किंवा सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याला उद्यावर टाकायचं नसतं.

आता चिंच नाही. मीटरगेज गेलं. शाळेच्या पटांगणातल्या काळ्या मातीवर फरशा बसल्या, पोरं त्यांवर पडतात आणि जास्त लागतं. मुलं कमी खेळतात याचं मला वाईट वाटतं. हात मोडेल म्हणून त्यांना बसवून ठेवावं असं मी कधीच म्हणणार नाही. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. तेव्हा ती असती तर, हा विचार मी करत बसत नाही, पण येतो.

गेल्या पावसाळ्यात जोडीदाराचा नातू मधल्या सुट्टीत घसरून पडला. तोच तळहात टेकून, तेच कोपर. मी रिटायर झालेलो, योगायोगानं शाळेतच होतो. पण माझ्याआधी आठवीतली एक पोरगी पोचली. तिनं हात ओढला नाही, चोळला नाही. जसा होता तसा पुठ्ठ्यावर ठेवला, ओढणीनं गळ्यात सैल अडकवला. मनगटातलं कडं सूज चढायच्या आत काढलं. कुणी पाणी आणलं तर म्हणाली, "नको, भूल द्यावी लागली तर?" मग त्याच्या बोटाचं नख दाबलं, सोडलं, आणि रंग दोन सेकंदांत परत येतो का ते बघितलं. "बोटं हलव. मुंग्या येतात का रे?" हे सगळं मी माझ्याच वर्गात शिकवलं होतं, तरी बघताना माझे डोळे भरून आले.

सोलापुरात नेलं, तारा घालून हाड बसवलं, अर्धं प्लास्टर केलं. सुजेला जागा राहावी म्हणून सुरुवातीला ते पूर्ण बंद करत नाहीत. दोन दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं: हात उशीवर उंच ठेवा, दुखणं वाढत गेलं, बोटं गार पडली, बधिर झाली किंवा हळूच सरळ करताना पोर किंचाळलं, तर वेळ न बघता परत या.

त्या रात्री साडेअकराला जोडीदाराचा फोन आला. घरचे सगळे झोपले होते. तो नातवाच्या उशाशी बसून डाव्या अंगठ्यानं एकेक नख दाबून बघत होता.

"रंग परत येतोय बे," तो म्हणाला. "पाची बोटांत येतोय."