द्रोणातली केमिस्ट्री

मे महिन्यातलं माथेरान म्हणजे घोडे, चिक्की, लाल माती आणि प्रत्येक पॉइंटवर गर्दी. पण दस्तुरी नाक्याला गाडी ठेवून चालायला लागलात की रस्त्याच्या कडेला बसलेल्या मावश्यांकडे जरा लक्ष द्या. समोर पाटी, पाटीत पानांचे द्रोण, द्रोणात काळीभोर करवंदं, टपोरी जांभळं आणि नशीब जोरावर असेल तर पांढरी तोरणं. यातल्या बऱ्याच जणी आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांवरून डोंगर चढून येतात. शहरातल्या हेल्थ स्टोअरमध्ये ज्या ‘अँटिऑक्सिडंट’साठी आपण खिसा रिकामा करतो, ते इथे चक्क पानात मिळतंय, बॉस!

सुरुवात अर्थात डोंगरच्या काळ्या मैनेपासून. ‘कोंबडा की कोंबडी’ खेळलायत ना? करवंद अर्धं चावायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. त्या लाल-काळ्या रंगामागे असतात अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं, आणि हीच अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखली जातात. कच्च्या करवंदात आम्लं आणि पेक्टिन भरपूर, म्हणून त्याची जेली मस्त जमते. आणि एक गंमत सांगू? केकवरची ती लालभडक ‘चेरी’ आपल्याकडे पुष्कळदा करवंदच असते! कच्चंच तोडायचं, बिया काढायच्या, पाकात मुरवायचं आणि वरून रंग द्यायचा. म्हणजे स्वतःचा रंग चढायच्या आधीच बाटलीतला रंग.

मेअखेरीस जांभळांचा नंबर. जीभ जांभळी होते ती पुन्हा अँथोसायनिनमुळेच, आणि तोंडाला कोरड पडल्यासारखं वाटतं ते टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, त्यामुळे लाळेचा गुळगुळीतपणाच जातो. डाएटवाल्यांसाठी खूशखबर म्हणजे १०० ग्रॅम जांभळांत जेमतेम ६२ कॅलरी असतात, बाकी ८० टक्क्यांहून जास्त पाणीच.

आता मुद्द्याची गोष्ट. जांभळाच्या बियांची पावडर म्हणजे डायबेटिसवर रामबाण, असं घरोघरी ऐकायला मिळतं. बियांत गॅलिक आणि एलॅजिक आम्लं आहेत, प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांच्या अर्काने साखर उतरल्याचंही दिसलंय. पण माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे. तेव्हा बाबांना जांभळं जरूर खाऊ घाला, पण पावडरीच्या भरवशावर त्यांच्या गोळ्या बंद करू नका. पावडर सुरू करायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजन कमी करणाऱ्या कॅप्सूलचंही तेच. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. कोकमाचाच दक्षिणेतला भाऊबंद गार्सिनिया कॅम्बोजिया, त्यातलं हेच आम्ल १३५ जाडसर लोकांवरच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत तपासलं गेलं. १९९८ साली निकाल छापून आला: खोट्या गोळीपेक्षा काही जास्त वजन उतरलं नाही. सरबत मात्र मनसोक्त प्या. मे महिन्यात त्याला पर्याय नाही.

म्हणजे रानमेवा हे औषध नाही, ते फळ आहे. ताजं, पिकलेलं, सीझनमध्ये खायचं. पण ते ओळखणारं कुणीतरी हवं. कोकणातल्या जंगलात काजराही वाढतो. त्याचं गोल नारिंगी फळ दिसायला झकास, पण बियांत स्ट्रिक्निनसारखं जहाल विष. त्यामुळे ट्रेकला दिसेल ते तोंडात टाकू नका. काय खायचं, कधी तोडायचं हे पाटीमागच्या मावशींना आई-आजीकडून कळलेलं असतं.

पण त्यांचा हा सीझन उभा आहे तो कुणीही न लावलेल्या झुडपांवर. माथेरानचा परिसर २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. पण अशा झोनबाहेर, फार्महाऊससाठी प्लॉट पाडायला निघालं की करवंदीची जाळी ‘काटेरी झुडूप’ म्हणून आधी साफ होते. सात-बारावर तिची नोंद नसते, त्यामुळे नुकसान झालं असं कुणाला वाटतही नाही. मावशींच्या मात्र उन्हाळ्याच्या कमाईवर पाणी पडतं.

तेव्हा या वीकेंडला चिक्कीबरोबर दोन द्रोणही घ्या. घासाघीस नको, फांद्या ओरबाडणं नको, खाण्याआधी फळं धुवा आणि पांढरा शर्ट घरीच ठेवा. आणि हो, लवकर निघा. पहिला पाऊस पडला की करवंदांचा सीझन संपलाच म्हणून समजा.