पिंपळे गुरव ते जेद्दा : विमानाचे साडेपाच तास, प्रवासाचे सतरा

पिंपळे गुरवमधून उमऱ्याला निघणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे बरीच असतात. तिकीट हाती आले की घरात पहिला प्रश्न येतो, 'विमानात किती वेळ बसायचे?' उत्तर सोपे आहे. मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर आहे आणि थेट विमानाला सव्वापाच ते साडेपाच तास लागतात. पण अम्मी-अब्बांना पाठवायचे असेल तर एवढ्यावर भागत नाही.

लोहगावचा विमानतळ आम्हाला जवळ, तरी जेद्दासाठी आम्ही मुंबईचाच रस्ता धरतो. पुणे आणि मुंबई या विमानतळांत सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटर अंतर आहे. गाडीला मात्र वाकड, किवळे, द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट आणि वाशीचा पूल असे दीडशेच्या आसपास किलोमीटर कापावे लागतात. रस्ता मोकळा मिळाला तर साडेतीन-चार तास. सुटीच्या दिवशी घाटात गाड्या तुंबल्या की काही खरे नसते. म्हणून आम्ही पाच तास धरून चालतो.

आता बेरीज करू. घर ते विमानतळ पाच तास, उड्डाणाआधी तीन तास, विमानात साडेपाच, जेद्दाला शिक्का आणि सामान यांत दोन, पुढे मक्केपर्यंतच्या शंभरेक किलोमीटरला दीड तास. झाले सतरा तास! गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी विमानातली खुर्ची सोपी, विमानतळावरच्या रांगा अवघड. त्यामुळे चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवावी.

तिकिटावरच्या वेळाही नीट वाचाव्यात. सौदीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. मुंबईहून सकाळी सहाला निघून साडेपाच तासांनी उतरलात, तर तिथे नऊच वाजलेले असतात. तिकीट पाहून वाटते, तीन तासांतच पोहोचलो! येताना उलटे होते. वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्याने विमान थोडे लवकर येते, पण घड्याळ अडीच तास पुढे गेलेले दिसते. जाताना आपण सूर्याच्या मागे जात असल्याने दिवस लांबतो. रोजा असेल तर मगरिबसुद्धा लांबते.

साखरेच्या रुग्णांनी इन्सुलिन आणि जेवणाची वेळ डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावी. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. सरळ मक्केला जायचे असेल तर मीकात उतरण्याआधी, हवेतच येते. विमानाच्या अरुंद न्हाणीघरात वृद्धांना कपडे बदलणे जमत नाही. एहराम घरून किंवा मुंबईच्या विमानतळावर बांधून घ्यावा आणि नियतेसाठी विमानातल्या घोषणेकडे लक्ष ठेवावे.

1995 पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानेही जात. त्या प्रवासाला आठवडा, कधी त्याहून जास्त लागे. घरचे लोक तेवढ्या दिवसांची तयारी करून देत, शिदोरीपासून अंथरुणापर्यंत. आज तासांचा प्रवास आहे, म्हणून तयारीही तासांचीच होते. आमचे सांगणे एवढेच की ती साडेपाच तासांची नको, सतरा तासांची करा. सोबतीला घरातले एखादे तरुण माणूस निदान मुंबईपर्यंत तरी जाऊ द्या.