वजन आणि तेज

मुलाचा साखरपुडा ठरला आणि आमच्या घरात प्रथमच हिऱ्याचा विषय निघाला. आमच्या वेळी साध्या सोन्याच्या अंगठीवर भागले होते. सोने तोलायचे, भावाने गुणायचे, घडणावळ द्यायची, की हिशेब संपला. हिऱ्याचेही तसेच असावे अशी आमची भाबडी समजूत. म्हणून मुलाने साठवलेल्या पैशांत किती वजनाचा खडा बसतो, एवढाच प्रश्न आम्ही उभयतांनी स्वतःला विचारला, आणि 'अर्धा कॅरट' हे दोन शब्द आमच्या मनात घर करून बसले. खरे सांगायचे तर त्यात होणाऱ्या सुनेच्या कौतुकापेक्षा, जमलेल्या सोयऱ्यांना काय सांगता येईल याचाच विचार अधिक होता.

मुंबईत ऑपेरा हाऊस परिसरातील एका पेढीवर आम्हांला तसा खडा मिळालाही. वजन बरोबर ५० सेंट, म्हणजे अर्धा कॅरट. रंग चांगला, डोळ्यांना दिसेल असा डाग नाही, आणि भाव त्याच वजनाच्या इतर खड्यांहून कमी. छतावरच्या प्रखर दिव्यांखाली तो असा लखलखत होता की बयाणा देण्यासाठी आमचा हात खिशाकडे गेलाच. पण वसईहून निघताना नानांनी बजावले होते, "पैसे देण्याआधी मला एकदा दाखवा." नाना म्हणजे आमचे चुलते. उमेदीची कित्येक वर्षे त्यांनी दहिसरच्या एका कारखान्यात हिरे घासण्यात घालवलेली. खडा राखून ठेवण्याची विनंती करून आम्ही परतलो आणि पुढच्या शनिवारी नानांना घेऊन पुन्हा चर्चगेट लोकल पकडली.

गाडीत नाना बोलू लागले. हिऱ्याचे मोल चार गोष्टींवर ठरते : वजन, रंग, नितळपणा आणि घाट, ज्याला व्यापारात 'कट' म्हणतात. रंग आणि नितळपणा खडा जमिनीतूनच घेऊन येतो. घाट मात्र सर्वस्वी माणसाच्या हातचा. नेहमीच्या गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात, माथ्यावर ३३ आणि तळाकडे २४. वरून आत शिरलेला प्रकाश तळाच्या उतारावर आपटतो, समोरच्या उतारावर जातो आणि पुन्हा वरून बाहेर पडतो. हे उतार नेमक्या कोनात असतील तरच तो परततो. तळ फार खोल झाला किंवा फार उथळ राहिला, तर फुटक्या कळशीतून पाणी गळावे तसा तो खालून गळून जातो. "मग मालक तळ खोल का ठेवू देतो?" आम्ही विचारले. "अरे, घंटीवर जेवढे घासावे तेवढे वजन उडते," नाना म्हणाले, "आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते वजनाचे."

नानांचे हे बोलणे ऐकताना आम्हांला कोहिनूर आठवला. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात तो मांडला, तेव्हा एवढ्या नावाजलेल्या हिऱ्यात तेज नाही म्हणून बघ्यांची निराशा झाली. जुन्या घाटात वजन राखण्याकडे कल होता. १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले. सुमारे १८६ कॅरटांचा तो हिरा सुमारे १०५ कॅरटांवर आला. पुढे १९१९ मध्ये अँटवर्पच्या हिरेकारागीर घराण्यातील मार्सेल टोल्कोव्स्की या अभियंत्याने गणिताने कोन मांडून दाखवले : माथ्याचा उतार ३४.५ अंश, तळाचा ४०.७५ अंश, आणि वरचा सपाट पैलू, म्हणजे टेबल, रुंदीच्या ५३ टक्के. आजचे उत्तम हिरे याच आकड्यांच्या आसपास फिरतात.

पेढीवर पोहोचताच नानांनी खडा पुसून घेतला. बोटांचे तेल लागले की हिरा मंदावतो. मग चिमट्यात धरून ते दिव्यांपासून दूर, खिडकीपाशी गेले आणि त्यावर तळहाताची सावली धरली. "आता बघा." आम्ही पाहिले. मघाचा लखलखाट ओसरला होता आणि खड्याच्या मधोमध विहिरीच्या तळासारखा काळोख होता. तळ खोल असल्याची ती खूण. तळ उथळ असता, तर माशाच्या डोळ्यासारखे पांढुरके कडे दिसले असते. दुकानी दिव्यांखाली कोणताही हिरा चमकतो. सावलीत जो जागा राहतो तो खरा, एवढाच नानांचा नियम.

नंतर नानांनी प्रमाणपत्र मागितले. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही संस्था २००६ पासून गोल हिऱ्याच्या घाटाची प्रत 'एक्सलंट'पासून 'पुअर'पर्यंत पाच पायऱ्यांत देते. त्या कागदावरच्या आकृतीत उंची, टेबल आणि कोनही छापलेले असतात. आमच्या खड्याची प्रत खालच्या पायरीवरची होती. रुंदी ५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के. नानांनी शेजारचा ४६ सेंटचा खडा काढायला लावला. त्याचीही रुंदी ५ मिलिमीटर, पण उंची ६१ टक्के आणि प्रत 'एक्सलंट'. वरून पाहता दोन्ही सारखेच मोठे. जास्तीचे चार सेंट पहिल्याच्या जाड कमरेत आणि खोल तळात दडले होते, जिथे कुणाची दृष्टी कधीच पोहोचली नसती. सावलीत मात्र धाकटा खडा हलवावा तिकडून ठिणग्या टाकीत होता.

पेढीवाल्याने आम्हांला फसवले नव्हते. आम्ही वजन मागितले, त्याने वजन दिले. आमची मागणीच चुकली होती. तरीही 'अर्धा कॅरट' सोडताना मन खट्टू झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगा तेवढा मोकळेपणाने हसला. "तिला काही तराजू नेसायचा नाही," तो म्हणाला.

साखरपुड्याच्या संध्याकाळी मुलीच्या अंगणात मांडव होता. फादरांनी अंगठ्यांना आशीर्वाद दिला, मुलाने ती तिच्या बोटात घातली, आणि मांडवाच्या अर्धवट उजेडात तो खडा एकदा लख्ख पेटला. एका सोयऱ्याने लगेच विचारले, "किती कॅरटचा?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. "अर्ध्यालाही थोडा कमीच आहे," आम्ही म्हणालो. हे सांगताना वाटेल अशी धास्ती घेतलेली लाज त्या क्षणी शोधूनही सापडली नाही. मागच्या खुर्चीवर नाना डोळे मिचकावीत बसले होते.