सदरघाट ते बारिसाल

ढाक्याच्या सदरघाटावर संध्याकाळी लाँच लागतात, तेव्हा आपल्याकडची दिवाळीतली एसटी स्टँडची गर्दी किरकोळ वाटते. तीन-चार मजली बोटी बुडिगंगेच्या काळ्या, वास मारणाऱ्या पाण्यात एकमेकींना घासत उभ्या असतात आणि प्रत्येकीवरून कुणीतरी गावाचं नाव ओरडत असतो. २०२२ मध्ये पद्मा पूल झाल्यापासून बारिसाल बसनेच जवळ पडतं. तरी मी लाँच धरली, तीही केबिन न घेता, डेकवर. डेक म्हणजे नुसती लोखंडी जमीन. चादर अंथरली की तेवढी जागा आपली.

माझ्याकडे चादर नव्हती. शेजारच्या आजींनी आपली चटई माझ्याकडे सरकवली आणि मग चौकशी सुरू केली: देश कुठला, लग्न झालं का, मुलं किती, पगार किती, जेवलास का. बांगलादेशात एकटं राहायची सोय नाही. कधी कधी याचा वैतागही येतो. टपरीवर चहाला थांबावं तर भोवती पाच-सहा जण जमतात आणि पैसे कुणीतरी आधीच देऊन टाकलेले असतात. पण या प्रश्नांत संशय नसतो. उलट विचारलं, तर स्वतःचा पगारही तितक्याच मोकळेपणी सांगतात.

भारत म्हटलं की अनेकांना दवाखाना आठवतो. कुणाची बहीण वेल्लोरला जाऊन आलेली, कुणाचे काका मुंबईच्या टाटात. मी नाशिकचा म्हणालो, तसा आजींचा मुलगा सरसावून बसला. त्याचं किराणा दुकान. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याची निर्यात बंद केली आणि पुढे तिकडे कांदा किलोला दोनशे टक्याच्या वर गेला. सरकारला तो विमानाने आणावा लागला. गिऱ्हाइकांच्या शिव्या मात्र यानेच खाल्लेल्या. अर्धं हिंदी, अर्धं बंगाली करत त्याने तो सगळा राग माझ्यापुढे ओतला. निर्यात थांबली की लासलगावला भाव पडतो, आमचा शेतकरीही मरतो, असं मी परोपरीने सांगितलं. त्याला पटेना. त्याच्या हिशेबी नाशिकवाल्यांनी त्या वर्षी बक्कळ कमावलं होतं.

भांडता भांडता त्यानेच डबा उघडून भात आणि तळलेला इलिश माझ्यापुढे ठेवला. त्यातले बारीक काटे कसे काढायचे, ते आजी दाखवत होत्या. मुलगा मोबाइलवर क्विंटलच्या रुपयांचे किलोचे टका करून बघत होता आणि मधला पैसा कोण खातं, असं मलाच विचारत होता.