अबोलीचं कणीस

अबोलीला वास नाही म्हणून तिला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मोगरा डोळे मिटून बसलं तरी कळतो. अबोलीकडे मात्र बघावं लागतं, आणि तेही जरा वाकून. आधी येतं ते हिरवं कणीस, ओंबीसारखं ताठ. मग तळापासून एकेक वेढा उमलत वर चढतो. वरचा उमलेपर्यंत खालचा गळायला टेकलेला असतो. फुलाच्या पाकळ्या सगळ्या एकाच अंगाला पसरलेल्या, दुसऱ्या अंगाला काही नाहीच. रंग केशरी म्हणावा तर तितका भडक नाही, गुलाबी म्हणावा तर त्यात ऊन कालवलेलं. साडीच्या दुकानात 'अबोली दाखवा' एवढंच म्हणायचं.

गोव्यात आणि तळकोकणात हिचे वळेसर होतात. केळीच्या सोपाचा दोरा भिजवून घ्यायचा आणि फुलांचे बारीक देठ जोडीजोडीनं त्यात गुंफत जायचे. सुई लागत नाही. फूल झाडावर दोन-तीन दिवस सहज राहतं, केसातही लवकर मान टाकत नाही. वासाचा हिशेब तिनं असा टिकण्यात चुकता केला असावा, असं आपलं मला वाटतं.

माझी अबोली पुण्यात, पूर्वेच्या गॅलरीत आहे. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली तिला मानवते. पाणी साचलं की मुळं कुजतात. थंडीत नवी कणसं येईनाशी होतात, तेव्हा खताचा मारा करू नये, पाणीही बेतानं द्यावं. मुळांना सूत्रकृमी लागले तर गाठी धरतात आणि झाड खंगत जातं. जमिनीत लावणारे म्हणून सोबत झेंडू लावतात.

फुलं संपलेलं कणीस खुडलं की फुटवे येतात, म्हणजे पुन्हा फुलं. न खुडता ठेवलं तर बोंडं धरतात, वाळतात, आणि पाण्याचा थेंब लागताच टचकन फुटून चार-चार बिया दूर भिरकावतात. वळवाच्या पहिल्या सरीला गॅलरीत नुसती चटचट चालते. नर्सरीत मिळणाऱ्या 'दिल्ली' अबोलीकडे हे नाही. तिच्या गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, त्यामुळे बी धरत नाही. छाट लावूनच ती वाढवायची. देखणी आहे, कबूल. पण मला घरात थोडा दंगा हवा असतो. म्हणून देशीच ठेवली आहे, आणि चार कणसं मुद्दाम खुडायची सोडते. वेणीला फुलं कमी पडतात, पडू देत.

गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत एक रोप उगवलं. "तुमचं दिसतंय, न्या वर," त्या जिन्यातून ओरडल्या. मी कुंडी घेऊन उतरेपर्यंत त्यांचं मत बदललं होतं. आता पहिलं कणीस आलं की वेणी कुणाची, यावर आमची बोलणी सुरू आहेत.