बाबांचं दुखणं आणि अफूची गोळी



आज संत्र्याचा ताण तोडला. पानगळ बेताची झाली, पाणी सोडलं, आता आंबियाची फूट चांगली येईल असं वाटतं. खताचं वेळापत्रक उद्या टाकतो. आज दुसरं लिहायचं आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत मी बगीच्यापेक्षा नागपूरच्या चकरा जास्त मारत होतो.

बाबांना तोंडाचा कॅन्सर होता. चाळीस वर्षं खर्रा. ऑपरेशन झालं, शेक झाले, आठ महिन्यांत गाठ परत आली. डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." दुखलं तर काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही.

पुढचे वीस दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. गालाला भोक पडलं, वास सुटला. बाबा रात्रभर खाटेची दांडी घट्ट धरून बसायचे आणि आई त्यांच्यासमोर. नातवंडं खोलीत यायला भ्यायची. मी खालचं दोन एकर वावर विकून त्यांना मुंबईला न्यायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं.

गावातल्या आशाताईनं सांगितलं, "भाऊ, नागपुरात पॅलिएटिव्हवाले डॉक्टर असतात, एकदा दाखवून तर पाहा."

त्या डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "दुखणं दहापैकी किती?" बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही पंजे उघडून दाखवले. मग डॉक्टर आईकडे वळले, "माय, तुम्ही पोटभर झोपल्या कधी?" आई रडायलाच लागली. एवढ्या महिन्यांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या. मी म्हटलं, "हे तर अफूचं ना? सवय लागली तर?" ते म्हणाले, "दुखण्यापुरता डोस बसवून दिला तर व्यसनाची भीती फार कमी. दर चार तासांनी द्यायची, दुखणं उठायची वाट पाहायची नाही. पोट साफ होणार नाही, म्हणून त्याचं औषध सोबत हवंच." नर्सताईंनी जखम धुवायला शिकवलं आणि मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून वरून भुरभुरायला सांगितली. चार-पाच दिवसांत वास बराच कमी झाला. तिसऱ्या रात्री बाबा झोपले. आईही झोपली.

अफू आपल्या शेजारीच, मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडे, सरकारी परवान्यानं पिकते. तिच्यापासूनच मॉर्फिन काढतात. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या कटकटीमुळे अनेक दवाखाने ते ठेवतच नव्हते. २०१४ मध्ये कायदा सुधारला आणि मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालं. या सेवेचं धोरण केरळनं २००८ मध्ये केलं, महाराष्ट्रानं २०१२ मध्ये. आमच्या गावात मात्र आशाताई सोडली तर कोणाला काही माहीत नव्हतं.

मी मुंबईचा विषय काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तिकडे नेल्यानं आजार बरा होईल असं मला वाटत नाही. पण त्यांना विचारलं का?" नव्हतं विचारलं. बाबांनी वहीत लिहिलं, 'वावर इकू नको. बगीच्यात ने.'

काका गावभर बोलले, "पैसे वाचवाले बापाले घरी आणलं." ते अजून सलतं. पण दीड महिना बाबा रोज सकाळी बगीच्यात खाटेवर बसले. एक दिवस त्यांनी बोटानं एक झाड दाखवलं. बुंध्याला डिंक्या लागला होता आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्यासमोर साल खरवडून बोर्डो पेस्ट लावली. त्यांनी मान हलवली.

बगीचा फुलावर असताना पहाटे गेले. आईचा डोळा लागला होता, त्याचा ती स्वतःला दोष देत बसायची. तेरवीनंतर नर्सताईंचा फोन आला. म्हणाल्या, "माय, तुम्ही झोपल्या होत्या म्हणजे त्यांना त्रास नव्हता. असता तर तुम्ही उठल्याच असत्या." त्यानंतर आई नीट जेवायला लागली.

कास्तकार मित्रांनो, तीन गोष्टी सांगतो. घरात असा आजार असेल तर मेडिकल असो, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो की जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, जिथे इलाज चालू आहे तिथेच पॅलिएटिव्हची सोय कुठे आहे ते विचारा. शेवटची वाट पाहू नका, इलाज सुरू असतानाही ही सेवा घेता येते. आम्ही उशीर केला, ते वीस दिवस बाबांना फुकट सोसावे लागले. दुसरं, सेवा करणाऱ्या बाईला झोपू द्या, रात्रीच्या पाळ्या लावा. तिसरं, वावर विकायच्या आधी माणसाला विचारा.

खर्रा मी सोडला. दोनदा परत लागला, पुन्हा सोडला. खोटं कशाला बोलू.

ते डिंक्याचं झाड वाचलं. यंदा त्याचाही ताण चांगला बसला आहे.