मुळशीचं पाणी, अमूर्ताचे थर

अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनात भिंतीवर एक निवेदन हमखास लावलेलं असतं. निसर्ग ही प्रेरणा, शांतता हा शोध. चित्रकार बदलतो, मजकूर तोच. मुळशीकडे घर किंवा स्टुडिओ असला की त्यात धुकं आणि सह्याद्रीची भर पडते. त्यात खोटं काही नसतं, पण चित्राबद्दल काही कळतही नाही. डोंगर आणि पाणी सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर असतं. ते पाहून एकाच्या हातून देखावा उतरतो आणि दुसऱ्याच्या हातून नुसता रंग आणि अवकाश. असं का होतं, हे त्या निवेदनात कधीच नसतं.

ते शोधायचं तर अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांपासून सुरुवात करावी. गोव्याकडचं घराणं, १९२४ साली नागपुरात जन्म, १९४८ साली जे.जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करायचे आणि तिथून समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. त्यांना ओळखणारे सांगत आले, की हा माणूस तासन्‌तास समुद्राकडे बघत बसायचा. पण या काळातल्या त्यांच्या परिपक्व चित्रांत ना होडी दिसते, ना किनारा. दिसतात ते पातळ रंगाचे एकावर एक चढलेले थर. गायतोंडे रोलरने रंग पसरत, पॅलेट नाइफने खरवडत, कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. खालचा थर पुरता झाकला जाऊ नये आणि पुरता उघडाही पडू नये, याची सगळी कसरत. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे होत. उरलेला वेळ ते रिकामे बसत, असं समजणाऱ्यांना त्यांची चित्रं कळलेली नाहीत. त्यांच्यावर झेन विचारांचा प्रभाव होता हे खरं, पण झेनचं नाव घेऊन चित्र होत नाही. रंग किती वाळला, पुढचा थर आता द्यावा की उद्या, हे बसून बघावंच लागतं. त्यांची स्तब्धता ही अशी कामाची होती.

भुलाभाईतच त्यांचा सहवास लाभलेल्या नसरीन मोहमदी. जन्म १९३७, कराचीचा. अलिबागजवळच्या किहीमला त्यांच्या कुटुंबाचं घर होतं. त्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूत उरलेल्या रेघा, पाण्याची कड, सावल्या यांचे फोटो त्या काढत. हयातीत ते त्यांनी कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. मांडली ती कागदावरची शाईची आणि पेन्सिलीची रेषाचित्रं, इंजिनियरच्या टेबलावर शोभावीत अशी काटेकोर. पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने हातावरचा ताबा सुटत गेला, तरी रेषा तितकीच नेमकी राहिली. १९९० साली किहीमलाच त्या गेल्या. त्यांच्या रेषाचित्रात समुद्र शोधू गेलं तर सापडत नाही. दोन रेघांमधलं अंतर मात्र ओहोटीच्या किनाऱ्यावर बराच वेळ उभं राहिल्याशिवाय सुचणारं नव्हे.

सय्यद हैदर रझांचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी मन थाऱ्यावर नसलेल्या रझांना मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघायला बसवलं. त्या ठिपक्याचा त्यांच्या चित्रांतला ‘बिंदू’ व्हायला मध्ये काही दशकं गेली.

आता मुळशी. पौडच्या पुढे रस्ता चढू लागला की डावी-उजवीकडे कातळाच्या पायऱ्या दिसू लागतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर, एकावर एक आडवे. दोन थरांच्या सांध्यात माती धरते, तिथे गवताची हिरवी रेघ उमटते आणि पावसात तिथूनच पाणी पाझरतं. आषाढात ताम्हिणी घाटात पोचावं तर यातलं काहीच दिसत नाही. ढग खाली उतरतो, क्षितिज पुसलं जातं, समोरचा डोंगर म्हणजे करड्यावर थोडा गडद करडा. लांब काय आणि जवळ काय, याचा अंदाज डोळ्याला उरत नाही. चित्रकाराला हा फुकटचा धडा, कारण खोलीचा भास निव्वळ छटेवर कसा उभा राहतो ते इथे समोरच घडतं. हात मात्र जपून चालवावा लागतो. त्या हवेत कागद ओलसर राहतो, जलरंगाचा वॉश वाळता वाळत नाही, कडा पसरतात. तैलरंगाचं तर विचारूच नका. घाई करणाऱ्याच्या पॅलेटवर दुसऱ्या दिवशी चिखल उरतो.

पण ताम्हिणीच्या वाटेवरचं ते शांत, विस्तीर्ण पाणी निसर्गदत्त नाही. मुळा नदीवर टाटांनी वीजनिर्मितीसाठी घातलेल्या धरणाचं ते पाणी आहे. १९२१ साली मावळे शेतकरी त्याविरुद्ध उठले आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच सत्याग्रहात. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. आंबेमोहोराची खाचरं, घरं, देवळं पाण्याखाली गेली. एरवी पूर्वेला वाहणारं ते पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला जाऊ लागलं आणि त्यावर मुंबईचे दिवे लागले.

हे ठाऊक असलेल्या चित्रकाराला ते पाणी नुसतं निळं कसं दिसेल? वैशाखात पाणी उतरलं की काठावर पट्टे उघडे पडतात. वर भेगाळलेला फिका, त्याखाली ओला तपकिरी, अगदी कडेला चकाकता गाळ. पाणी जिथे जिथे काही दिवस थबकलं, तिथे तिथे एक रेघ. गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर खालचा थर वरच्यातून जसा डोकावतो, तसंच हे, फक्त इथे खाली माणसांची शेतं आहेत. माझ्या मते मुळशीच्या शांततेतून अमूर्त चित्र व्हायचं असेल तर ते इथून होईल. खाली निळा, वर करडा आणि मध्ये पांढरी रेघ ओढून नव्हे. ते अमूर्त नाही, झाडं गाळलेलं निसर्गचित्र आहे. बंगल्याच्या दिवाणखान्यात ते बरं दिसतं, हे मान्य.

पाणी सतत समोर असावं लागतं, असंही नाही. गायतोंडे १९७२ साली दिल्लीला गेले. समुद्र सुटला, घर लहान, भेटीगाठी कमी. पाण्याचं दर्शन नाही म्हणून चित्र अडलं नाही. सत्तरच्या दशकातले त्यांचे उभे कॅनव्हास त्यांच्या उत्तम कामांत मोजले जातात. २००१ साली ते गेले आणि २०१३ च्या डिसेंबरात त्यांचं एक चित्र मुंबईच्या लिलावात २३ कोटींवर गेलं, तेव्हा कुठे पेपरांना त्यांचं नाव सापडलं.

किंमत विसरून त्यांचं काम बघायचं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकोल्सन संग्रहात त्यांची चित्रं आहेत. ती कोणत्या वेळी मांडलेली असतात, ते आधी विचारून जा. शेजारची पाटी शेवटी वाचा. आणि मुळशीला जायचंच असेल तर एकदा भर उन्हाळ्यात, पाणी तळाला गेलेलं असताना जा.